भिंगरीचं शेवटचं पान

कागदशास्त्र प्रयोगशाळेच्या टेबलावर ‘वज्रमंडळ’ ह्या जुन्या चित्रकथा-मासिकाचा एकोणिसावा अंक पडला होता आणि डॉ. चारुलता पाटणकर त्याच्याकडे चोराकडे बघावं तशी बघत होती.

सहा वीरांच्या त्या चमूतली भिंगरी तिची भारी लाडकी. पंचावन्न वर्षांपूर्वी, सातव्या वर्षी, तिनं ह्याच प्रतीवरून हा अंक पाठ केला होता. भिंगरी एकटी अग्निभिंतीत शिरते, बाकीच्या पाचांना वाचवते आणि शेवटच्या पानावर धापा टाकत परत येते. काल एका संग्रहालयानं त्याच अंकाच्या दुसऱ्या प्रतीची छायाप्रत पाठवली. तिच्यात भिंगरी मरते. चक्क मरते! पाच वीर माना खाली घालून उभे.

छायाप्रतीतच काहीतरी काळंबेरं असणार, असं चारूला वाटलं. पण भिंगाखाली खोटं निघालं ते तिच्याच प्रतीचं पान. हातानं काढलेलं, छापखान्याच्याच शाईनं, छापखान्याच्याच कागदावर, आणि बेमालूम चिकटवलेलं. त्या छापखान्यात यंत्रावर कोण होतं? आप्पा. तिचे वडील.

झालं, जुनी जखम पुन्हा उघडली. त्या वर्षी आई क्षयाच्या वॉर्डात होती. “भिंगरीसारखी परत येणार बघ तुझी आई,” असं आप्पाच सांगायचे. आई आली नाही. चारूला मावशीकडे ठेवून आप्पांनी अंत्यविधी उरकले आणि मग सांगितलं. तेव्हापासून त्यांच्या शब्दावर तिचा विश्वास म्हणून नव्हता. आणि येत्या रविवारी हेच आप्पा तिच्याकडे कायमचे राहायला यायचे होते!

सकाळी तिनं फोनवर विचारलं होतं, “आप्पा, ते पान तुम्ही बदललंत ना?”

आप्पा नुसतेच खाकरले. मग, “मला नाही बाई आठवत.”

शहाऐंशी वर्षांचा माणूस, पण गेल्या आठवड्याची मॅच चेंडूगणिक सांगतो. म्हणे आठवत नाही!

“हे पान केव्हा आणि कुठे बनवलं, ते मला हवंय,” तिनं प्रयोगशाळेतल्या बशीर मुजावरला सांगितलं. “त्याशिवाय रविवारचं काही ठरवणार नाही मी.”

बशीरनं पान त्याच्या उजेडनोंदकाखाली सरकवलं. “मॅडम, स्वस्त कागद उजेडानं पिवळा पडतो, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण प्रत्येक दिव्याचा उजेड वेगळा. ऊन वेगळं रसायन मागे ठेवतं, पिवळा बल्ब वेगळं, नळीचा दिवा, म्हणजे ट्यूबलाइट, वेगळं. आपलं यंत्र ते थर सुटे करतं. कुठला दिवा, किती तास.”

“छापखान्यात नळीचे दिवे होते. आमच्या घरी बल्ब.”

“मग दोहोंपैकी एक निघेल.”

यंत्र गुरगुरलं. बशीरच्या कपाळाला आठी पडली. त्यानं मोजणी पुन्हा केली.

“बाकीच्या पानांवर बल्ब आणि ऊन, तेही थोडंच. ह्या पानावर मात्र अकरा तास जंतुनाशक दिव्याचा झिरपलेला उजेड आहे. अतिनील. छताजवळ लावतात तो. असला दिवा घरात कोण लावेल? छापखान्यात तरी कशाला?”

चारूला एकदम आठवलं. क्षयाच्या वॉर्डात छताजवळ निळसर दिवा जळायचा. मावशीच्या कडेवरून, बाहेरच्या खिडकीतून तिनं तो एकदाच पाहिला होता.

“आप्पांनी तिथं बसून काढलं असेल,” ती कशीबशी म्हणाली.

“नातेवाइकांना आत बसू द्यायचे?”

“नाही. खिडकीबाहेरून. पंधरा मिनिटं.”

“मग अकरा तास त्या दिव्याखाली कोण होतं, मॅडम?”

चारूनं पान जवळ ओढलं. परत येणाऱ्या भिंगरीच्या तोंडी एकच वाक्य होतं. ‘उशीर झाला तरी रडायचं नाही.’ अक्षर जरा डावीकडे कललेलं. ओळखू येईल इतकं आईचं अक्षर तिनं कधी पाहिलंच नव्हतं, पण त्या दिव्याखाली आईच तर होती. तिला हुंदका आवरेना.

तिनं फोन लावला. “आप्पा, ते पान आईनं काढलंय.”

पलीकडे म्हातारा लहान मुलासारखा रडू लागला. “खिडकीतून कागद-शाई मीच दिली गं, अंकात पान चिकटवलंही मीच. खऱ्या अंकात भिंगरी मेलेली बघून घाबरली होती ती, तू वाचलंस तर आईही परत येणार नाही असं समजशील म्हणून. ‘चारूला ह्यातलं काही कळता कामा नये,’ म्हणाली. ‘आणि मी परत येणार, असंच सांगत राहा.’ शब्द दिला होता मी तिला.”

“पंचावन्न वर्षं माझे टोमणे ऐकलेत?”

“शब्द दिला होता ना.”

चारूनं डोळे पुसले आणि गाडीची किल्ली उचलली.

“आप्पा, रविवारपर्यंत नका थांबू. बॅग भरा. मी निघालेय.”