सगळ्यात वरची मेल

राकियाची बाटली ठेव ती बाजूला, कालिना. रात्रपाळी आहे तुझी. चहा टाक. आणि पोरांनो, ते दार सताड उघडं ठेवा, त्याला खुर्ची लावा. हसू नका. का ते सांगतो.

२०१६ सालचा सहा डिसेंबर, मंगळवारची रात्र. संत निकोलाचा सण. रुसे शहरातलं हेच ऑफिस, हेच तळघर. सणावाराला स्पॅमचा भडिमार होतो, म्हणून गिऱ्हाइकांची बाहेर जाणारी मेल आपण संध्याकाळीच रोखून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तपासून सोडतो. तेव्हाही तसंच. ऑफिसातले सगळे माझ्या घरी सणाचा कार्प मासा खायला जमले होते. तेवढ्यात एका दवाखान्याचा फोन आला : आमच्या मेल अडकल्यात, रुग्ण खोळंबलेत.

माझा सोबती राडको उठला. लहानपणी घशात काटा अडकल्यापासून तो माशाच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे.

"मी जातो, दादा. तेवढाच तुमच्या माशाचा वास चुकेल."

"जा बाबा. तुझ्या वाटचं डोकं मी चोखतो."

खाली येऊन त्याने मेलक्यू हा हुकूम दिला. अडकलेल्या मेलची यादी आली. दवाखान्याच्या तेवढ्या त्याने सोडल्या. निघणार, तोच दिवे गेले. यंत्रं बॅटरीवर चालू राहिली, पण दाराचं कुलूप विजेचं, ते आतून उघडेना. पोलादी दार. गारव्याचं यंत्र बंद. फोनला रेंज नाही. यंत्रांची धग वाढायला लागली.

त्याच्या तीन वर्षं आधी, याच सणाला, आमचा स्तामेन असाच इथे कोंडला होता. मदतीसाठी त्याने मेल पाठवली. पण मेल तर रोखलेली... सकाळी दार उघडलं तेव्हा... असो. गुणी पोरगा होता.

राडकोला ते आठवलं. घाम पुशीत त्याने मला मेल लिहिली : मी आत आहे. दार उघड. ती सोडायला त्याने पुन्हा यादी काढली.

सगळ्यात खाली त्याची मेल. सगळ्यात वर... स्तामेनची.

तारीख तो कोंडला त्या रात्रीची. मजकूर तोच. मी आत आहे. दार उघड.

त्याने ती पुसली. यादी काढली. ती तिथेच. स्वतःची तेवढी सोडून पाहिली. हलेना. पुन्हा सोडली. हलेना... श्वास पुरेना. तो उठला. दार बडवलं. ओरडला. कोण ऐकणार...

त्याने बडवणं थांबवलं.

बडवणं थांबलं नाही.

आवाज पाठीमागून येत होता. आतून...

शेवटी त्याने चाचपडत हुकूम दिला. सगळ्या सोड.

घरी माझा फोन दोनदा वाजला. दोन्ही मेल वाचल्या. किल्ली घेऊन धावत सुटलो. दार उघडलं, तर राडको उंबऱ्यातच उभा. तेवढ्या धगीत अंगावर घामाचा थेंब नाही. जे झालं ते त्याने रस्त्यात सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. घरी आला, ताटावर बसला आणि मासा खाल्ला. काटेसुद्धा ठेवले नाहीत. डोकं चोखलं. सगळे हसत होते. मला रडू येत होतं. मित्राला हाक मारायची, तर कोणत्या नावाने, तेच कळेना.

आता? वार्नाला असतो. मिरच्या लावतो. मजेत आहे. फोन केला तर उचलतोही. आणि स्तामेनची मेल त्यानंतर कधी दिसली नाही.

मग खुर्ची कशाला, म्हणतेस? आज सणच आहे ना? मेल रोखलीय ना? काढ यादी.

काढलीस?

...

हो, सगळ्यात वरची. नाव कुणाचं?

...

राडकोचं. दर वर्षी असते. हात लावू नकोस! ती सोडली, की कुणीतरी बाहेर येईल. आणि आत कोण राहील?

नुसती वाच. मोठ्याने.

...

"मी अजून आत आहे. दार उघड."