हवेचा स्क्रू

होडीचं इंजिन बंद पडलं की लोक आधी इंजिनाला शिव्या घालतात. बहुतेक वेळा ते बिचारं नुसतं उपाशी असतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी पेट्रोल अडलेलं असतं. नळीवरचा, पेट्रोल पुढे ढकलणारा रबरी फुगा दाबून धक्क्यावरचा तो मिस्त्री नेमकं दुखणं सांगायचा, म्हणून सगळे त्याला गमतीने ‘वैद्य’ म्हणत.

त्या दुपारी वहिनीने होडी थेट त्याच्या शेडसमोर आणून लावली. त्याचा दादा, तिचा नवरा, गेल्यापासून तीच होडी चालवत होती. या काठच्या माणसांना पलीकडच्या दवाखान्यात, शाळेत पोचवत होती.

“भाऊजी, परत बंद पडली. आणि परत तिथेच.”

“तिथेच म्हणजे?”

“वठलेल्या झाडांपाशी.”

त्याने तलावाकडे पाहिलं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा बुडालेल्या झाडांचे शेंडे तलावाच्या मध्यावर अजून वर दिसत. दादाची होडी तिथेच रिकामी सापडली होती. दादा सापडलाच नाही.

“काल एक अवघडलेली बाई होती,” वहिनी म्हणाली. “कळा सुरू झालेल्या. होडी सांडव्याकडे वाहत निघाली. वल्ही मारून मारून माझे तळहात सोलवटले. कशीबशी पोचवली तिला. पुढच्या खेपेला कुणाचा तरी जीव जाईल हो.”

त्याने बाह्या सारल्या. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं. तळाला पाण्याचा थेंब नाही. फिल्टर लख्ख. नळी बादलीत बुडवून फुंकली, एक बुडबुडा आला नाही. कार्बोरेटर उघडून धुतला, पुन्हा बसवला. धक्क्याला बांधलेल्या होडीवर इंजिन मांजरासारखं गुरगुरत राहिलं.

“इथे काही दुखत नाही हिचं,” तो म्हणाला. “चला, दुखतं तिथेच बघू.”

निघण्याआधी त्याने टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू स्वतःच्या हाताने सैल केला. तो बंद राहिला तर टाकीत हवा शिरत नाही आणि इंजिनापर्यंत पेट्रोल पोचत नाही. वहिनी मागे इंजिनाशी बसली. तो पुढे टाकीशी, एक हात फुग्यावर ठेवून.

वारा पडला होता. पाणी काचेसारखं स्थिर होतं. फुगा त्याच्या मुठीत टणक, भरलेला होता. झाडं जवळ आली तसा तो मऊ पडू लागला. मग आत ओढला गेला, चिपाडासारखा चपटा झाला. इंजिन दोनदा ठसकलं आणि गप्प झालं.

त्याने झाकणाकडे पाहिलं. स्क्रू गच्च आवळलेला होता.

“तुम्ही हात लावलात, वहिनी?”

“मी कशाला लावू? इथून पोचणार तरी कसा माझा हात?”

त्याने स्क्रू सैल केला. टाकीने सुस्कन हवा आत घेतली.

“थरथरीने फिरला असेल,” तो म्हणाला. थरथरीने स्क्रू ढिले होतात, आवळले जात नाहीत, हे तोच आजवर सगळ्यांना सांगत आला होता.

होडी मागे नेऊन ते पुन्हा झाडांकडे आले. पुन्हा तेच. स्क्रू आवळलेला.

वहिनीने पाण्याकडे पाहिलं. “हे धक्क्याला पोचले की आधी तोच स्क्रू बंद करायचे,” ती म्हणाली. “म्हणायचे, हा बंद केला की मी घरी आलो.”

“वहिनी, नका असं बोलू.”

त्याने स्क्रू पूर्ण काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. आता झाकणावर नुसतं भोक उरलं.

“घ्या परत.”

तिने इंजिन चालू केलं. तो भोकावरची नजर हलवत नव्हता. पापणीही लवू देत नव्हता.

झाडं आली.

फुगा मऊ पडला.

भोकावर काही नव्हतं. ऊन होतं फक्त.

फुगा चपटा झाला. इंजिन गप्प झालं.

त्याने तर्जनी पुढे नेली. भोकाला टेकायच्या आधीच ती अडली. मध्ये काहीतरी होतं. गार. मऊ. अंगठ्याच्या पेराएवढं.

ते हललं. टाकीने सुस्कन हवा घेतली.

“काय झालं, भाऊजी?”

“काही नाही. वल्ही घ्या.”

वल्ही मारतच त्यांनी काठ गाठला.

त्याने ती टाकी काढून टाकली. तळातल्या फळ्यांखाली दुसरी बसवली, तिची हवेची नळी आतल्या आत फिरवून वर काढली. झाकणावर ना स्क्रू, ना भोक. होडी सुरळीत चालू लागली. ती अवघडलेली बाई लेक कुशीत घेऊन त्याच होडीने घरी परतली.

काही आठवड्यांनी वहिनी भेटली.

“आता कुठे बंद पडते?” त्याने विचारलं.

“कुठेच नाही.”

“झाडांपाशी?”

“तिथे जरासुद्धा अडखळत नाही.”

“मग झालं तर.”

ती जायला वळली, पण गेली नाही.

“शेवटच्या फेरीला मी एकटीच परतते ना,” ती हळू म्हणाली. “धक्क्याला लागले की इंजिन बंद करून पुढे येते, दोर बांधायला. तर तो आधीच बांधलेला असतो.”

“धक्क्यावर असेल कुणीतरी.”

“कुणी नसतं. दोर दिवसभर उन्हात वाळलेला, खडखडीत.” तिने आपली बोटं पदराला पुसली. “गाठ तेवढी ओली असते.”