चौथा पाय

मी फक्त आरसा न्यायला गेले होते, तेही भर दुपारी.

अहमदाबादला डिझाइन शिकून धानोऱ्याला परतले, ते आपलं जुनं आकाशज्ञान लोकांच्या घरांत पोचवायचं ठरवूनच. रामाजीभाऊ सुतारांनी आरशाला सागवानी चौकट केली होती. तिच्यावर पितळी खिळ्यांचे सप्तर्षी होते. इकडे त्यांना खाट म्हणतात. चार तारे म्हणजे म्हातारीची खाट, मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर.

"खाटेवर म्हातारी नाई काढू देल्ली तुम्ही, पुनमबाई," रामाजीभाऊ कुरकुरले.

"तिथे ताराच नाही, भाऊ."

"नसन. पण म्हातारी जागी हाये म्हणून तं चोर थांबून राह्यले."

"चोर तीन, खाटेचे पाय चार. उचलतील कसे?" मी हसले.

"मंग! चौथा भेटलाच नाई त्याहिले."

आरसा खांबाला टेकवून ते पोतं आणायला शेजारी गेले. अंगणात खाटेवर त्यांची बायको मनकर्णाबाई पडून होती. महिनाभराचा ताप कालच उतरला होता. आता ती वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

ऊन सरकत तिच्या तोंडावर आलं. चिंचेवरच्या होल्याचं घुमणं थांबलं.

"बाई... मले सावलीत घ्या नं..."

ओढण्यासाठी मी खाटेचा एक पाय धरला. खाट उचललीच गेली. सगळी, सपाट, पाण्यावरच्या डोंग्यासारखी. बाई किती हलकी झाली, असं वाटून मला भरून आलं. चिंचेखाली ठेवली, तेव्हा चारी पाय एकदमच टेकले.

रामाजीभाऊ फाटकातच थांबले.

"खाट कोणं उचलली?"

"मीच."

"एकलीनं? बीजाच्या जड लाकडाची हाये ते... चार माणसं लागतेत."

त्यांनी जमीन पाहिली. ओढल्याचा एकही ओरखडा नव्हता. मग ते खाटेपाशी गेले.

"मनकर्णा... ए मनकर्णा, झोपू नको... डोये उघड..."

मला तिकडे बघवेना. मी आरशाकडे वळले. आरशात चिंच होती, सावली होती, वाकलेले रामाजीभाऊ होते. खाट नव्हती.

मी माझा हात उघडून पाहिला. रिकामा होता.

आरशात मात्र माझी मूठ खाटेचा पाय धरल्यासारखी मिटलेलीच होती.