दोन मडक्यांतली पऱ्हाटी

"धरा," तो म्हणाला, आणि तिनं काही विचारायच्या आत मडकं तिच्या मांडीवर होतं.

एक नव्हे, दोन. सुतळीनं एकमेकांना घट्ट बांधलेली. आणि दोन्हींच्या मधोमध पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, एकच इवलंसं रोप, एक पाय या मडक्यात अन् एक पाय त्या मडक्यात रोवून उभं राहिल्यासारखं.

वाशीमकडच्या मालेगावहून शिरपूरला जाणारी मोटर सुटायच्या बेतात होती. मामाकडे चार दिवस राहून परतणाऱ्या प्रयागनं मोठ्या मिनतवारीनं खिडकीजवळची जागा मिळवली होती. आणि आता हा कोण कुठला चष्मेवाला…

"अहो, पण—"

"हलवू नका हं. मुळं नाजूक आहेत."

एवढं बोलून तो टपावर चढलासुद्धा. वर त्याची आणखी अकरा जोडमडकी होती, आणि क्लीनर ती पोत्यांसारखी एकावर एक रचायला निघाला होता. वरून दोघांच्या भांडणाचा आवाज येत राहिला, मोटर सुटली, धूळ आत आली, आणि शिरपूर येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला प्रयाग ती मडकी पोटाशी धरून बसली. का बसली, हे तिचं तिलाच कळेना. ठेवायची होती खाली! पण ते रोप प्रत्येक धक्क्याला असं घाबरल्यासारखं थरथरायचं…

शिरपूरला तो खाली उतरला, आणि त्यानं आधी रोपाकडे पाहिलं. पान अन् पान पाहिलं. मग, आठवल्यासारखं, तिच्याकडे.

"एक पान मोडलं," तो म्हणाला.

"अन् माह्या लुगड्याचं काय झालं, ते नाई दिसलं?"

त्यानं तिच्या लुगड्यावरचा चिखल मान वाकवून अगदी मन लावून पाहिला. "काळी माती आहे," त्यानं निदान केलं. "धुतली की जाईल."

या माणसाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही, असं ठरवून प्रयाग तरातरा घरी आली. हातपाय धुऊन बाहेर येते, तर बाराच्या बारा जोडमडकी तिच्याच अंगणात, विहिरीजवळच्या टिनाच्या मांडवाखाली ओळीनं मांडलेली! आणि तिचे वडील, शालिग्रामभाऊ, त्या चष्मेवाल्याला कौतुकानं ताक पाजत होते.

त्याचं नाव जगदेव. मालेगावकडच्याच एका शेतकऱ्याचा मुलगा. नागपूरला शिकून तो झाडांच्या शास्त्रात डॉक्टर झाला होता, आणि डॉक्टर झाल्यावर तिथल्याच एका संस्थेत त्याला दोन वर्षांची संशोधनाची जागा मिळाली होती. मिळाली म्हणजे, अजून कच्चीच. जून उजाडायच्या आत पहिला निकाल हाती ठेवला तर पक्की. नाहीतर दुसरा माणूस रांगेत उभाच होता. तहान लागली की झाडाला ते कसं समजतं, आणि जमिनीतलं मूळ ही बातमी वरच्या पानाला कशी पोचवतं, हा त्याचा अभ्यास. त्यासाठी त्याला काचघर नको होतं. खरं वऱ्हाडातलं ऊन हवं होतं, बारमाही विहीर हवी होती, आणि जिथं बकऱ्या शिरत नाहीत असं अंगण हवं होतं. राहायला तो देवळाजवळच्या धर्मशाळेत, पण सकाळ ते संध्याकाळ मुक्काम इथंच.

डॉक्टर आला म्हटल्यावर गाव लोटलं. रुपाबाई गुडघा घेऊन आली, किसनसिंगनं जीभ बाहेर काढून दाखवली.

"मी झाडांचा डॉक्टर आहे हो," तो काकुळतीनं सांगायचा.

"असू द्या न जी," किसनसिंग म्हणायचा. "जीभ तं पाहा!"

वैतागलेला जगदेव पाहून प्रयागला फार बरं वाटायचं.

पण सुख किती दिवस टिकणार? तिची मॅट्रिक झालेली, अक्षर मोत्यासारखं. रोपं वाढली, वैशाख तापला, आणि शालिग्रामभाऊंनी परस्पर कबूल करून टाकलं, की नोंदी आमची पोरगी लिहील.

काम असं. सहा रोपांच्या दोन्ही मडक्यांत रोज पाणी. उरलेल्या सहांच्या एकाच मडक्यात पाणी, दुसरं कोरडं ठणठणीत. मडक्यांवर कुटाराचा, म्हणजे भुसकटाचा, जाड थर, आणि त्याला हात लावायचा नाही. मग पानाच्या पाठीला एक निळा कागद चिमट्यानं लावायचा. पानाची बारीक तोंडं उघडी असली, की आतली ओल कागदाला लागते आणि तो गुलाबी होतो. किती सेकंदांत होतो, ते मोजायचं. जगदेवचं म्हणणं, अर्धी मुळं कोरडी पडली की ती पानाला कळवतील, आणि पोटात पाणी असूनसुद्धा पान आपली तोंडं मिटून घेईल. म्हणजे कागद उशिरा गुलाबी व्हायला हवा.

कागद आधी चुलीच्या निखाऱ्यावर वाळवून कोरडा निळा करावा लागे. ते काम प्रयागचं. एकदा तिनं दिलेला कागद त्यानं हातात घेतला, आणि काहीतरी सांगत तसाच धरून उभा राहिला… पाहतो तर बोटातल्या बोटात कागद गुलाबी!

"तुमाले घाम आला," ती गालातल्या गालात हसली.

"ऊन आहे."

"मांडवात?"

त्यानं कागद पुन्हा निखाऱ्यावर धरला. दुसऱ्या दिवशी आपलं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते बांधलं. मनगटापेक्षा पट्टा मोठा, घड्याळ सारखं घसरून कोपराकडे जायचं आणि ती सारखी ते मागं ओढायची. तो ते पाहायचा. ती पाहायची की तो पाहतो. मग दोघंही एकदम पऱ्हाटीकडे पाहायची.

गाडी अडली ती पुढं. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. कोरड्या मडक्याची रोपं आणि ओल्या मडक्याची रोपं यांत काडीचा फरक येईना. सगळे कागद चाळिसाव्या सेकंदाच्या आत-बाहेर गुलाबी. ती तापून आकडे लिहायची, तो तापून आकडे पाहायचा.

"पुन्हा मोजा."

"तीनदा मोजलं."

"मग मोजण्यात काहीतरी चुकतंय."

प्रयागनं वही मिटली. "माह्या मोजण्यात?"

"मी तसं नाही म्हटलं…"

"मग कोणाच्या? मांडवात दुसरं कोण बसते? तो कावळा मोजते काय?"

घड्याळ काढून तिनं ओट्यावर ठेवलं, आणि त्यानं एक शब्दसुद्धा बोलू नये? नाहीच बोलला. चार दिवस खाली मान घालून अहवाल लिहीत बसला. कोरडं मूळ पानाला काही कळवत नाही, असं दिसतं… एवढंच त्यात. उत्तर 'नाही' आलं, तरी ते उत्तरच, असं शालिग्रामभाऊंना सांगताना तिनं ऐकलं. जागा पक्की होणार होती. सोमवारच्या सकाळच्या मोटरनं तो जाणार होता.

जाऊ दे तिकडं! तिनं सतरांदा स्वतःला बजावलं. आणि सोमवारी सगळ्यांच्या आधी जाग आली तिला.

अंगणात नुकतं उजाडत होतं. आई गेल्यापासून हे घर सांभाळणारी कस्तुराआत्या न्हाऊन तुळशीला पाणी घालत होती. तुळस झाली. आत्या मांडवाकडे वळली. कोरड्या मडक्यांपाशी आली, दोन बोटांनी अलगद कुटार बाजूला केलं, लोट्यातलं पाणी ओतलं, आणि कुटार होतं तसं सारखं करून पुढच्या मडक्याकडे सरकली.

"आत्या!" प्रयाग धावत पुढं आली. "काय करून राह्यली?"

"काय म्हणजे? रोजचंच हाय."

"रोजचं?"

"मंग! अर्ध्याले पाणी अन् अर्ध्याले नाई. जेवाले दोन लेकरं बसवाचे, अन् एकाच्याच ताटात वाढाचं? असं पाप मी माह्या दारात नाई चालू देत. तो शिकेल-सवरेल माणूस, त्याले काय सांगाव? म्हणून गुपचूप घालतो."

प्रयागला कळेना, हसावं, की कपाळ बडवावं?

गप्प बसलं तर? त्याची जागा पक्की, आत्याचं पुण्य पक्कं, सगळे खूश. सांगितलं तर त्याचा अहवाल मातीत. पुन्हा तीन आठवडे, तोवर जून उजाडणार, आणि रांगेतला तो दुसरा माणूस खुर्चीवर बसणार. पण मग आयुष्यभर तो लोकांना सांगत फिरणार, की मूळ पानाला काही कळवत नाही. आणि खोटं असेल ते… तिनं लिहिलेल्या आकड्यांवर उभं राहिलेलं खोटं.

तिनं पायात चपला अडकवल्या, आणि पदर खोचून निघाली.

मोटर भरली होती. सेवादास ड्रायव्हर चढून बसलेला. जगदेव खिडकीशी, मांडीवर ट्रंक. प्रयागनं खिडकीची कड धरली.

"उतरा."

"काय?"

"तो अहवाल नागपूरले नेऊ नका. आत्यानं रोज पाणी घातलं. कोरड्या मडक्याईले. रोज, पहाटे, कुटार उचलून. तुमची मडकी एकही दिवस कोरडी नव्हती!"

सगळी मोटर ऐकत होती. जगदेवनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"डॉक्टर," सेवादास पुढून ओरडला, "उतरा बाप्पा लवकर, नाईतर बाईले वर घ्या! मले मालेगाव गाठाचं हाय!"

मोटर हसली. जगदेव उतरला. मोटर जाईपर्यंत, धूळ बसेपर्यंत तो तसाच ट्रंक धरून उभा. आणि मग आजवर छापील पुस्तकासारखं बोलणारा तो माणूस भर रस्त्यात गावच्या बोलीत फुटला.

"तीन हप्ते! तीन हप्ते मी त्या उन्हात बसून राह्यलो! मले वाटलं माहं डोस्कं बिघडलं, मले वाटलं शास्त्र बिघडलं, अन् तुमची आत्या माह्या प्रयोगाले लोट्यानं पाणी पाजून राह्यली! आता काय लिहू मी नागपूरले? काय लिहू, सांगा न!"

"खरं ते लिहा."

"अन् जागा गेली तं?"

"तं जाईल." तिचाही आवाज चढला. "मी काय हौसेनं आली इतक्या दूर पळत? गप्प राहता येत नव्हतं काय मले?"

त्यानं ट्रंक खांद्यावर घेतली. दोघं घराकडे चालू लागली. निम्मी वाट सरली.

"तुमची मोजणी बरोबर होती," तो खाली पाहत म्हणाला.

"एवढंच?"

"…माझं चुकलं."

"कुठी चुकलं? मोजण्यात?"

"बोलण्यात," तो म्हणाला. "आणि त्याच्यानंतर न बोलण्यात."

प्रयागनं पावलं झपाझप उचलली. एवढ्या उन्हात कानाच्या पाळ्या तापतातच, असं तिनं स्वतःला समजावलं.

आत्याला रागवायला म्हणून तो गेला खरा, पण आत्यानं ताटात भाकर वाढली आणि समोर बसून विचारलं, "झाडाईले तहान लागते, हे तुमालेच तं पाहाचं व्हतं न? मंग मले आधीच समजलं, तं माहं काय चुकलं?" जगदेवनं राग गिळून भाकरीचा तुकडा मोडला. शेवटी आत्यानंच तोड काढली. "माह्या डोळ्यानं हे पाहवणार नाई. मी तीन हप्ते मालेगावले जातो. पण रोपटं मेलं, तं पाप तुमचं!"

त्यानं त्याच दिवशी नागपूरला पत्र लिहिलं. अहवाल पाठवत नाही, झाडांना पाणी मिळत होतं, प्रयोग पुन्हा करतो, उशीर होईल. कोणी घातलं, ते लिहिलं नाही. प्रयागनं विचारलं, तर म्हणाला, "घरातली गोष्ट आहे." घरातली! कोणाच्या घरातली? असं विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं…

प्रयोग पुन्हा सुरू झाला. आता रोज सकाळी दोघं कुटार उचलून मातीत बोट घालून पाहायची. नवव्या दिवशी तिनं कोरड्या ओळीतल्या पहिल्या रोपाला कागद लावला. तीस झाले, चाळीस झाले. कागद निळा. साठ. दोघांची डोकी पानावर झुकलेली, कोणी श्वास सोडेना. ऐंशी. शंभर. निळाच!

"मिटली," तो कुजबुजला. "तोंडं मिटली! पाणी आहे पोटात, तरी मिटली. पाहा प्रयागबाई, मुळानं सांगितलं, आणि पानानं ऐकलं!"

"पानाचं कौतुक पुरे. तुमी कधी ऐकायले शिकणार?"

"काय ऐकू?"

"सरका. मले आकडा लिहू द्या."

तीन आठवडे पुरे होईपर्यंत आकडे तसेच येत गेले. निकाल नागपूरला गेला तेव्हा जून निम्मा सरला होता. मग उत्तराची वाट. तो मांडवात बसून राही, ती उगाचच विहिरीवर खेपा घाली. आणि एका दुपारी तो टपालाचं पाकीट हातात घेऊन आला, तोंड उतरलेलं.

"जागा गेली?"

"नाही, राहिली. पण उशीर झाला म्हणून एक वर्ष कापलं. दोनऐवजी एकच."

"मग तोंड कायले पाडून राह्यले? राहिली न?"

"सगळा हिशेबच चुकला माझा!" तो कळवळून म्हणाला. "दोन वर्षं हातात होती, तर मी सावकाश विचारणार होतो. आधी वर्षभर पत्रं पाठवणार होतो. प्रयोगाबद्दल. मग हळूच… म्हणजे… आता एवढा वेळच नाही राहिला."

"काय विचारणार होते?"

तो चष्मा पुसू लागला. कपाळावर घामाचे थेंब.

"देवा!" प्रयाग म्हणाली. "पानाले बोलतं करता, अन् तुमच्या तोंडाले काय झालं?"

"माझ्याशी लग्न करता का?"

हे त्यानं इतक्या मोठ्यानं विचारलं, की विहिरीवरची कबुतरं उडाली. ती हसली नाही. खूप हसू येत होतं, डोळ्यांत पाणीही येत होतं, पण हसली नाही.

"मी कॉलेजात शिकणार," ती म्हणाली. "नागपूरले आली तं. नोंदी लिहाले नाई येणार मी."

"शिका. मी तर म्हणतो, माझ्यापुढं जा."

"अन् हे मले विचारून काय होते? बाबाले विचारा न."

"आत्ता विचारतो," म्हणाला, आणि तो चष्मा सावरत खरंच शेताच्या वाटेला लागला. टोपी नाही, छत्री नाही, भर दुपारी. बाबा आज वाशीमच्या बाजारला गेले होते, संध्याकाळशिवाय यायचे नव्हते. तिनं लगेच सांगितलं नाही. चालू दे थोडं! इतके दिवस जीव खाल्ला आहे…

तो पहिल्या बांधापाशी पोचला. दुसऱ्या बांधापाशी पोचला. आता मात्र हाक मारायलाच हवी होती. प्रयाग ओट्याच्या कडेवर येऊन उभी राहिली. लग्न लागलं की नवऱ्याचं नाव ओठांवर आणायचं नाही, ही रीत. उखाणा घ्यावा लागेल, बायका अडवून उभ्या राहतील, तेव्हाच काय ते एकदा. म्हणजे ते नाव मोकळेपणी म्हणायला हेच काय ते दिवस.

तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले, छातीभरून श्वास घेतला, आणि शेजारपाजारची पर्वा न करता ओरडली—

"जगदेव!"

तो थबकला, वळला. आणि तिथूनच, एवढ्या लांबून, त्यानं कानामागं हात धरला. ऐकू आलं होतं त्याला, स्वच्छ ऐकू आलं होतं. लबाडाला ते पुन्हा एकदा ऐकायचं होतं.