कट म्हटल्यानंतर

"ही खुर्ची माझी आहे."

"तुमचं नाव तर दिसत नाही कुठे..."

"नाव नाही. सवय आहे."

समीक्षकांसाठी ठेवलेला सकाळचा खेळ. अख्ख्या थिएटरात इनमीन दहा-बारा डोकी, रांगाच्या रांगा मोकळ्या, आणि हे दोघं मात्र दाराजवळच्या एकाच खुर्चीसाठी अडून बसलेले. तो उंच, किंचित वाकलेला, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. ती एका दैनिकात दर शुक्रवारी सिनेमाचं परीक्षण लिहायची. दाराजवळच बसायची, कारण फोन थरथरला की बाहेर धावायला बरं. भिंगरी, म्हणजे तिची चार वर्षांची लेक, पाळणाघरात असायची आणि ही सिनेमा बघता बघता अर्धा जीव त्या फोनमध्ये ठेवून बसायची.

नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला गेला तो तिथलाच झाला. घटस्फोटाचे सह्या-शिक्के होऊनही वर्ष उलटलं होतं. आता ताप तिचा, खोकला तिचा, "आई, दारामागे कोणी आहे का?" याचं उत्तरही तिचंच. शेजारच्या खुर्चीवर ती पर्स ठेवायची. कोणी विचारलं तर म्हणायची, "येणारेत." कोणीही येणार नसायचं.

"मग ही पर्स तेवढी मांडीवर घ्या," तो म्हणाला. "मलाही दाराजवळच बसायचंय."

"का? तुमचंही लेकरू पाळणाघरात आहे?"

"तसंच काहीसं..."

दिवे मालवले. एका जुन्या, गाजलेल्या राजकीय थरारपटाचा हा नवा अवतार. मंत्र्याचा खून, चोरून ऐकलेले फोन, एका रात्रीत फिरलेली खुर्ची. मूळ सिनेमा समीक्षकांना तोंडपाठ, त्यामुळे जो तो तागडी घेऊनच बसलेला. मध्यंतर व्हायच्या आधीच पुढून कोणीतरी म्हणालं, "शिळ्या कढीला ऊत!" खसखस पिकली. शेजारचा माणूस खुर्चीत थोडा खाली सरकला.

तेवढ्यात फोन थरथरला. ती बाहेर धावली. भिंगरीला लाल पेला हवा होता, निळा नको होता. बस, एवढंच. ती परत येऊन बसली.

"काय झालं मधे?" तिने कुजबुजत विचारलं.

"विशेष नाही. दोन माणसं मेली, एक सरकार पडलं."

तिला हसू फुटलं... आणि तिचं तिलाच नवल वाटलं. अंधारात कोणाशी तरी कुजबुजून किती दिवस झाले होते!

मग तो प्रसंग आला. मंत्र्याच्या बायकोला खुनाची बातमी कळते. मूळ सिनेमात ती लगेच फोन उचलते आणि कट-कारस्थान पुढे धावतं. इथे फोन वाजतच राहतो. ती बाई नवऱ्याच्या शर्टाची घडी घालते. मोडते. पुन्हा घालते. बाह्या आत घेते, कॉलर सरळ करते, पुन्हा मोडते. संगीत नाही, संवाद नाही.

समोर कोणीतरी मोठ्याने जांभई दिली. शेजारच्या खुर्चीत ही मात्र हलली नाही. तिनेही एक शर्ट असाच घडी केला होता, कपाट रिकामं झाल्यावर मागे राहिलेला. किती वेळा, ते कोणाला सांगायचं?

शेवटी नावांची पाटी सुरू होताच शेजारचा माणूस उठून गेला. बाहेर जिन्यापाशी मात्र थांबला होता.

"कसा वाटला?"

"ते शुक्रवारी. छापून येईपर्यंत बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे."

"बरं. मग रडलात का, तेवढं सांगा. ते काही छापून येणार नाही."

"एसी फार होता आत."

"एसीने एकाच डोळ्याला पाणी येतं?"

तिने झटकन डोळा पुसला. नेमका कोरडा डोळा. तो हसला आणि जिना उतरून गेला. कोण, कुठला, काही विचारायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी सगळ्यांनी सिनेमाची पार पिसं काढली. "कशाला हात लावायचा?", "नक्कल, तीही अक्कल न वापरता." तिने त्या मानाने सौम्य लिहिलं: मूळ सिनेमा धावतो, हा चालतो, वीसेक मिनिटं सहज कापता आली असती. आणि शेवटच्या परिच्छेदात त्या शर्टाविषयी लिहिलं. पण मजकूर जास्त झाला की खालून कापायचा, हा वर्तमानपत्राचा शिरस्ता. पान लावणाऱ्या काकांनी तिथे गादीची जाहिरात बसवली. तिला हे सगळं ठाऊक होतं. तरी जे जिवाचं ते शेवटी ठेवायचं, ही तिची खोड काही जात नव्हती.

सोमवारी तो कचेरीत तिच्या टेबलासमोर उभा.

"मी त्या सिनेमाचा संकलक," तो म्हणाला. "उद्यापासून वीस मिनिटं कापलेली प्रत लागणार. निर्मात्याने तुमच्या फोटोसकट छापलेलं परीक्षण नाचवून दाखवलं. म्हणाला, बघ, बाई काय म्हणतेय. पहिल्यांदा काय काढलं असेल?"

तिने लगेच ओळखलं. "शर्ट?"

"शर्ट." तो खुर्चीत बसला. "दिग्दर्शकाने कट म्हटल्यानंतरचा तुकडा होता तो. कॅमेरा चुकून चालू राहिला आणि त्या बाई घडी घालतच राहिल्या. सगळे म्हणाले, यात काही घडतच नाही. मी भांडून ठेवला. आणि त्या दिवशी तुम्हाला वाटलं होतं... म्हणजे, मला वाटलं होतं की तुम्हाला..."

"अहो, मी लिहिलं होतं!" तिचा आवाज इतका चढला की पलीकडून काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "शेवटी लिहिलं होतं. ते गादीखाली गेलं."

"कशाखाली?"

"जाहिरातीखाली. कापलं."

तो पुढे झुकला. मग तो हळू म्हणाला, "मग आता सांगा... काय लिहिलं होतं?"

तिला पाठ होतं. मान खाली घालून, पेनाचं टोपण काढत-घालत ती म्हणाली, "सरकारं पडतात त्याचा आवाज होतो. घर रिकामं होतं त्याचा होत नाही. तो न होणारा आवाज या सिनेमात कोणीतरी ऐकला आहे. जो कोणी असेल, तो एकटा राहत असावा."

त्याने तिच्या हातातल्या टोपणाकडे पाहिलं.

"राहतो," एवढंच म्हणाला. मग घसा साफ करून, "आज दुपारी एका थिएटरात जुनीच प्रत आहे. शेवटचा खेळ. येता?"

दुपारचं थिएटर ओस. ती सवयीने दाराकडे वळली.

"मधे बसू," तो म्हणाला.

"फोन आला तर?"

"तर मी जाईन. तुम्ही बघा... मला पाठ आहे."

गेल्या वर्षभरात तिला हे कोणी म्हटलं नव्हतं. मी जाईन. तिने स्वतःचा फोन त्याच्या हातात दिला. पर्स मांडीवर घेतली.

आणि नेमका तेव्हाच, पडद्यावरच्या बाईने शर्ट हातात घेतला तेव्हाच, फोन थरथरला. तिने दचकून त्याच्याकडे पाहिलं. उद्यापासून हा तुकडा कुठेच असणार नव्हता. त्यालाही ते माहीत होतं. त्याने एकदाच पडद्याकडे पाहिलं, आणि उठून गेला.

ती एकटीच बघत राहिली. घडी. मोड. पुन्हा घडी. शेजारची खुर्ची रिकामी होती, पण या वेळी तिथे कोणीतरी खरोखरच येणार होतं.

दार किलकिलं झालं, उजेडाची चीर आली आणि मिटली.

"काय म्हणते?"

"लाल पेला. मिळाला." तो खाली बसला. "पूर्ण पाहिलंत?"

"पूर्ण."

"पाळणाघरातल्या मावशींनी विचारलं, आपण कोण बोलताय..."

"मग?"

अंधारात तो जरा अडखळला.

"म्हटलं, शेजारच्या खुर्चीतला."

खुर्च्यांमधल्या दांडीवर त्याचा हात तिच्या हाताला लागला. तिने आपला काढून घेतला नाही. सिनेमा संपून नावांची पाटी सुरू झाली, आणि या वेळी तो उठला नाही.