पाचवा खण

"सोड माह्या हात, विजे. मी तुह्या काकाले विचारतेच," पंचफुला म्हणाली.

"काय विचारशीन? काका तुलेही चोट्टी म्हणीन."

विजया आणि तिचा धाकटा भाऊ दयाराम सुट्टीत धामणगाव बढ्याला वामनरावकाकांकडे आले होते. काकांच्या घरात मातीची जमीन काढून शहाबादी फरशी बसत होती. पंचफुलाची आई, चांगुणा, त्या फरशा वाहायची. आज सकाळी फरशा संपल्या आणि मागची जागा उघडीच राहिली. "पंधरा कमी पडल्या," निवृत्ती मिस्त्री म्हणाला. काकांनी ओट्यावर उभं राहून साऱ्या गल्लीला ऐकवलं, "ह्या चोट्टीनं नेल्या. उद्यापासून कामाले येऊ नको."

"एक फरशी उचलाले दोघं लागतात," दयाराम धुसफुसला. "पंधरा काय पदरात बांधून नेल्या?"

"मिस्त्रीले माप कोणी देल्लं बे?" विजयानं विचारलं.

"काकानंच. पाच खणाचं घर. एक खण मोजला अन् पाचानं गुणलं."

दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. काकांचा खण आठ फूट रुंद, दहा फूट खोल. पाच खणांचे चारशे चौरस फूट. पण सगळे खण सारखे कशावरून?

काका जेवायला बसलेले पाहून तिघं मिस्त्रीचा टेप घेऊन आत शिरली. दोन खण बरोबर दहा फूट खोल निघाले. तिसऱ्यापासून मागची भिंत बोळाच्या कडेनं तिरपी पळत होती. पाचव्या खणाच्या टोकाला खोली भरली पंधरा.

दयारामनं उघड्या मातीवर काडीनं आकृती काढली. "हा आयत, चारशे. हा उरलेला त्रिकोण. पाया तीन खणांचा, चोवीस. उंची पाच."

"गुणून निम्मे. साठ," पंचफुला म्हणाली.

"अन् एक फरशी दोन बाय दोन, म्हंजे चार," दयाराम म्हणाला.



"पंधरा," पंचफुला म्हणाली. ती हसली नाही. तिनं दयारामच्या हातातली काडी घेऊन मोडली. "चला, सांगू त्याले."

"आपण सांगतलं तर थोबाडीत बसन. त्यालेच बोलू दे," विजया म्हणाली.

संध्याकाळी शेजारची माणसं नवी फरशी पाहायला आत आली, तेव्हा दयारामनं टेप पुढे केला. "काका, आमाले मापं घ्यायले शिकवा ना."

काका खुशीत आले. पहिल्या खणात टेप धरून मोठ्यानं वाचलं, "दहा." पाचव्या खणात त्यांनी वाचलं, "पंध..." आणि तोंड मिटलं.

मिस्त्री वाकला. "पंधरा हाय, मालक. तुमी एकच खण मोजला व्हता."

"वा, पोट्टे हुशार निघाले," काका कसंनुसं हसले. "शाबास. चांगुणाले उद्या सांगतो हळूच."

विजया शाबासकीच्या हाताखालून बाजूला सरकली. "चोट्टी हळूच नव्हतं म्हटलं, काका."

काकांची म्हातारी आत्या, मंजुळाबाई, काठी टेकत पुढे आली. "पोरगी खरं बोलून राह्यली, वामन. ह्या लेकरांनी चूक तुलेच शोधू देली, तुह्यी अब्रू राखली. जाय बाहेर."

काका बाहेर गेले. समोर तिच्या घराच्या दारात चांगुणा उभी होती. "चांगुणा, फरशा चोरीले गेल्याच नाहीत," काका साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "माप माह्यं चुकलं. उद्या कामाले ये."

चांगुणानं काकांमागून धावत आलेल्या पंचफुलाला जवळ ओढलं.

"येते," ती म्हणाली. "पण मालक, पुढच्या खेपेले माह्यं नाव घ्यायच्या आंधी भिंत पाहा."