रूपाची जागा

माझं नाटक रेडिओवर लागणार होतं, त्या दुपारी मी सेल आणायला आखाडा बाळापूरला गेलो होतो. हिंगोली तेव्हा अजून परभणी जिल्ह्यातच होती. येताना जीपमध्ये दोघांना सांगितलं, पण दहाजणांना ऐकू जाईल अशा आवाजात. लेखकाचा जीव तेवढाच असतो हो.

नाटक रूपाबाईचं होतं. माझी चुलत बहीण. सासरच्या विहिरीत गेली. सासरा शंकरसिंग म्हणाला, पाय घसरला. तांड्यानं माना डोलावल्या आणि विषय मिटला. माझा मिटला नाही. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावला पहिला प्रयोग केला. रूपाचं काम करणाऱ्या संगितानं शेवटचं वाक्य म्हटलं, "माझा पाय घसरला न्हाई." त्यासरशी शंकरसिंगनं वीजच बंद करायला लावली. मी अंधारात ओरडलो, "पुन्हा करीन!"

आणि केलं. रेडिओवरचे साहेब म्हणाले, नाटक चांगलंय, पण ते वाक्य काढा, उगाच कुणी तक्रार करायचं. मी म्हणालो, "काढा. पण तेवढी जागा रिकामी ठेवा. तिथं संगीत नको, काहीच नको." ते हसले, पण ठेवली.

तर त्या दुपारी माझ्या घरात रेडिओभोवती माणसं दाटीनं बसली. शेवट आला. जागा आली. रेडिओची खरखरसुद्धा थांबली, आणि खोलीत शेवाळाचा वास पसरला... मग आवाज.

"माझा पाय घसरला न्हाई."

संगिता माझ्या शेजारीच होती. तिनं माझा दंड घट्ट धरला. "दादा... हे मी न्हाई बोलले."

भ्यालो. खोटं कशाला सांगू? पण भीतीपेक्षा आनंद मोठा होता.

दोन हजार तीनच्या सुमाराला टीव्हीवाले आले. त्यांनीही तेच वाक्य कापलं, मीही तीच अट घातली. या वेळी जागा जरा लांब मागून घेतली. संगिताचा चेहरा, ओठ मिटलेले, बस. पडद्यावर तिचे ओठ हलले नाहीत. आवाज मात्र आला.

"माझा पाय घसरला न्हाई. मला ढकललं."

जेवढी जागा द्यावी तेवढं ती बोलते. एवढं कळल्यावर गप्प बसणारा मी नव्हे. नवं नाटक लिहिलं. पहिला अंक माझा, दुसरा अख्खा रिकामा. पडदा उघडेल आणि मंचावर कुणी नसेल. प्रयोग पुन्हा गोरेगावलाच लावला, तोही भर दुपारी. आता कर म्हटलं अंधार.

पहिला अंक संपल्यावर शंकरसिंग विंगेत आला. म्हातारा झाला होता. काठीला टेकून उभा राहिला.

"रामसिंग, फुडला अंक केवढा हाय?"

"अर्धा तास."

"येवढं बोलंल ती?"

"तिलाच ठावं."

"मला दोन मिन्टं ठेव बापा... मी बी माझं सांगतो."

"न्हाई. तवा तुमीच बोलले. आता बसा अन् ऐका."

तो जाऊन पहिल्या रांगेत बसला. मी स्वतः दोर ओढला. रिकामा मंच, वर लख्ख ऊन. माइक, कर्णे, काहीच लावलं नव्हतं. तरी मागच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू आलं. बोलण्याआधी नट घसा साफ करतात ना, तसं कुणीतरी खाकरलं... आणि त्या घशात पाणी होतं.